कोड : मुलाच्या कातडीवर, घराच्या मनावर

कोडाचा पहिला डाग बहुतेक वेळा मुलाला दिसत नाही. तो आईला दिसतो. आंघोळ घालताना गुडघ्यावर, नाहीतर पापणीच्या कडेला, नखाएवढा पांढरा ठिपका. साबणाचा फेस राहिला असेल म्हणून ती ओल्या हाताने पुसून पाहते. मग बाबांना हाक जाते. बाबा मोबाइलचा टॉर्च लावतात, आजी चष्मा शोधून आणते, आणि घरातले सगळे एकदम हळू आवाजात बोलायला लागतात. चार वर्षांच्या मुलाला गुडघ्यावर काय झालंय ते कळत नाही. पण आपल्या अंगावर असं काहीतरी आहे ज्याबद्दल मोठ्याने बोलायचं नसतं, एवढं त्याला त्याच दिवशी कळतं.

कोड दुखत नाही. त्याने ताप येत नाही, भूक जात नाही, आयुष्य कमी होत नाही. क्वचित कोणाला डाग येण्याआधी थोडी खाज सुटते, तेवढीच. त्रास होतो तो लोकांच्या बघण्याचा, आणि मुलाकडे सगळ्यात आधी बघतात ते घरचे. म्हणून कोड असलेल्या मुलाचं मन सांभाळायचं तर सुरुवात मलमापासून करून भागत नाही. ती घरातल्या बोलण्यापासून करावी लागते. डागावर उपचार चालू असतानाच घरातली कुजबुज बंद करता येते, आणि तिला प्रिस्क्रिप्शन लागत नाही.

आधी मोठ्यांचं शंकासमाधान

मुलाला समजावण्याआधी मोठ्यांना नीट माहिती हवी. अर्धवट माहिती असलेला माणूस मुलासमोर अडखळतो, आणि मुलं अडखळणं अचूक टिपतात.

आपल्या त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी मेलॅनोसाइट नावाच्या पेशी असतात. त्या मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार करतात. कोडात शरीराचीच संरक्षक यंत्रणा या पेशींना परकं समजून नष्ट करते. पेशी गेल्या की रंग तयार होत नाही आणि तेवढी जागा खडूसारखी पांढरी दिसते. मधुमेहाच्या एका प्रकारात किंवा थायरॉइडच्या काही आजारांत शरीर असंच स्वतःवर उलटतं. म्हणूनच त्वचारोगतज्ज्ञ कधीकधी कोड असलेल्या मुलाची थायरॉइडची रक्ततपासणी करायला सांगतात. जगभरात साधारण ०.५ ते २ टक्के लोकांना कोड असतं, आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांना ते विशीच्या आत सुरू झालेलं असतं. शाळेत हजार मुलं असतील तर त्यात कोड असलेली काही मुलं असण्याची शक्यता बरीच आहे.

प्रत्येक पांढरा डाग म्हणजे कोड नव्हे. लहान मुलांच्या गालावर जे फिकट, किंचित खरबरीत चट्टे दिसतात आणि ज्यांना घरोघरी ‘पोटात जंत झालेत’ किंवा ‘कॅल्शियम कमी पडतंय’ असं म्हणतात, ते बहुधा पिटिरियासिस अल्बा नावाच्या साध्या कोरडेपणाचे असतात आणि आपोआप जातात. मानेवर, पाठीवर घामाच्या दिवसांत येणारी शिबं बुरशीची असतात. कोडाचा डाग गुळगुळीत, ठळक कडेचा आणि पूर्ण पांढरा असतो. शंका असेल तर डॉक्टर अंधाऱ्या खोलीत वुड्स लॅम्प नावाचा अतिनील दिवा धरून बघतात. त्या उजेडात कोडाचा डाग निळसर पांढरा चमकतो. मुलाला आत नेण्याआधी हे सांगून ठेवावं. ‘खोलीत अंधार करतील, जांभळा दिवा लावतील, तुझा डाग चमकेल, दुखणार काही नाही’ असं आधी ऐकलेलं मूल दिव्याकडे कुतूहलाने बघतं. न सांगितलेलं मूल आईच्या पदराला घट्ट धरतं.

सगळ्यात महत्त्वाचं, कोड संसर्गजन्य नाही. हात धरून, डबा वाटून, एकाच टॉवेलने अंग पुसून ते कोणाला होत नाही. कुष्ठरोगाशी त्याचा संबंध नाही. कुष्ठरोग जंतूमुळे होतो, त्यातल्या चट्ट्यावर स्पर्श नीट कळत नाही आणि तो औषधांनी पूर्ण बरा होतो. कोडाच्या डागावर स्पर्श, ऊन, मुंगीचा चावा, सगळं नेहमीसारखं कळतं. तरीही दोन्ही एकाच पारड्यात टाकण्याची सवय फार जुनी आहे. कोणत्या कुळात सोयरीक करू नये याची मनुस्मृतीत यादी आहे, तिच्यात कोड असलेलं कूळ आणि कुष्ठ असलेलं कूळ शेजारीशेजारी आहेत. आजच्या घरातली भीती दोन हजार वर्षांच्या या सोयरिकीच्या हिशेबातून उतरलेली आहे. सात वर्षांच्या मुलीच्या कोपरावरचा डाग बघून कोणीतरी ‘पुढे लग्नाचं कसं व्हायचं?’ म्हणतं तेव्हा तोच हिशेब बोलत असतो. फरक इतकाच, की तो ऐकायला ती मुलगी समोर बसलेली असते.

कोणत्या वयाला काय कळतं

तीन-चार वर्षांच्या मुलाला स्वतःच्या डागाची लाज वाटत नाही. त्याला तो नाकाइतकाच आपला वाटतो. या वयात त्याला दोनच गोष्टी हव्या असतात, एक नाव आणि निश्चिंत आवाज. ‘याला कोड म्हणतात. इथे तुझ्या कातडीचा रंग बनत नाही,’ एवढं पुरतं. ‘देवाने तुझ्यावर चित्र काढलंय’ अशी गोष्ट सांगण्याचा मोह होतो. चार वर्षांच्या मुलाला ती आवडतेही. पण आठव्या वर्षी तेच मूल विचारतं, मग ताईवर का नाही काढलं? आणि देवाला पुसता येत नाही का? सोपं पण खरं वाक्य पुढेही उपयोगी पडतं. गोष्ट मात्र बदलावी लागते, आणि बदलली की मुलाला फसवल्यासारखं वाटतं.

पाच-सहा ते दहा या वयात मूल तुलना करू लागतं आणि कारण शोधू लागतं. या वयातला मोठा धोका म्हणजे आजार ही शिक्षा आहे असं वाटणं. लहान मुलं कसा विचार करतात याचा अभ्यास करणारे स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी १९३२ साली एका पुस्तकात दाखवलं, की चूक केली की वस्तू आणि निसर्गसुद्धा आपोआप शिक्षा करतात असं लहान मुलांना मनापासून वाटतं. खोटं बोललो म्हणून पडलो, भावाला मारलं म्हणून ताप आला. कोड आलेल्या मुलाच्या मनात असा काहीतरी हिशेब बहुधा चालू असतोच, फक्त ते सांगत नाही. म्हणून न विचारताही अधूनमधून सांगत राहावं, ‘तू काही केलंस म्हणून हे झालं नाही. आम्ही काही केलं म्हणूनही नाही.’

याच वयात मुलं स्वतः उपाय करून बघतात. कोणी दगडाने घासतं, कोणी आईच्या पावडरने झाकतं. एखादं मूल तपकिरी स्केचपेनने डाग रंगवून शाळेत जातं आणि घामाने तो रंग पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर उतरतो. असं दिसलं तर रागावू नये, हसू तर नयेच. शर्ट भिजत घालताना विचारावं, ‘आज वर्गात कोणी काही म्हणालं का?’ स्केचपेन हे त्या दिवसाचं पत्र असतं. ते वाचायचं असतं.

अकरा-बारानंतर चित्र झपाट्याने बदलतं. अमेरिकेत कोड असलेल्या मुलांच्या आणि किशोरांच्या एका पाहणीचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्यात लहान वयोगटांतल्या जवळपास निम्म्या मुलांना डागांचा त्रास वाटत नव्हता. पंधरा ते सतरा वयात असं सांगणारी अगदीच मोजकी उरली. याचा अर्थ लहानपणी गप्प असलेलं मूल पुढेही बेफिकीर राहील असं धरून चालू नये. त्या शांत वर्षांतच शब्दांची शिदोरी बांधून द्यावी लागते.

दोष कोणाचा, आणि चिंच कोणी खायची नाही

कोड आलं की घरात आधी चौकशी आयोग बसतो. कोणाच्या घराण्यात होतं? गरोदरपणात काय खाल्लं? माशांवर दूध प्यायली होतीस का? कुलदैवताचं काही राहिलंय का? या प्रश्नांचा रोख बहुधा सुनेकडे असतो, आणि तिची चौकशी होताना मूल तिथेच कुठेतरी खेळत असतं. आपल्यामुळे आई रडते हे त्याला कळायला वेळ लागत नाही.

या चौकशीला विज्ञानाचं उत्तर आहे. कोडात आनुवंशिकतेचा वाटा असतो, पण तो पूर्ण नसतो. एकसारख्या जुळ्यांची जनुकं सारखीच असतात. तरी एकाला कोड असेल तर दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण अभ्यासात सुमारे २३ टक्केच आढळलं. म्हणजे जनुकं तंतोतंत तीच असूनही चारातल्या तिघांना ते झालं नाही. एका बाजूच्या घराण्याला धरून बसण्यात अर्थ नाही. माशांवर दूध पिऊन कोड येतं याला पुरावा नाही. युरोपात मासे दुधात शिजवण्याची रीत जुनी आहे, आणि तिथे कोड जास्त आहे असं दिसत नाही.

खाण्यावरच्या बंदीचा परिणाम कातडीपेक्षा मनावर जास्त होतो. चिंच नको, कैरी नको, लिंबू नको, दही नको. शाळेच्या फाटकाबाहेर सगळ्या मुली चिंचेचा गोळा चोखत असतात आणि एकीनेच हात मागे बांधलेले असतात. मग एक दिवस ती लपून खाते. पुढच्या महिन्यात योगायोगाने नवा डाग येतो, आणि तिच्या मनात शिक्षेचा हिशेब पक्का होतो. डॉक्टरांनी विशिष्ट कारणाने काही बंद केलं नसेल तर मुलाच्या ताटातून काहीही काढू नये. आजीला हे पटवणं अवघड जातं हे खरं. आजीला एकदा डॉक्टरांकडे सोबत घेऊन जावं आणि तिचे प्रश्न तिलाच विचारू द्यावेत. सुनेने सांगितलेलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं यात आजीच्या लेखी फार फरक असतो.

एक बंदी मात्र थोडी खरी आहे, आणि तिचाच अतिरेक होतो. कोड सक्रिय असताना त्वचेला जिथे खरचटतं, घासतं किंवा काचतं तिथे नवा डाग येऊ शकतो. गुडघे, कोपरं, कमरेभोवतीचा इलॅस्टिकचा पट्टा, दप्तराचा खांद्यावरचा बंद, बुटाची टाच. हे कळल्यावर काही पालक मुलाचं खेळणंच बंद करतात. खो-खोच्या मैदानाबाहेर शर्ट सांभाळत बसलेल्या मुलाचं जे नुकसान होतं ते गुडघ्यावरच्या डागाने होणार नाही. गुडघ्याला पॅड बांधावं, इलॅस्टिकऐवजी सैल नाडी घालावी, दप्तराचा बंद मऊ कापडाने गुंडाळावा आणि मुलाला मैदानात सोडावं.

घरातली आणखी एक सवय मोडावी लागते, ती रोजच्या तपासणीची. आंघोळीनंतर मुलाला खिडकीशी उभं करायचं, इकडे वळ, हात वर कर, हा कालच्यापेक्षा मोठा दिसतोय का? आई-वडिलांची चिंता समजण्यासारखी आहे. पण मुलाला त्यातून रोज सकाळी एकच धडा मिळतो, की माझ्याकडे बघितलं की घरच्यांचा चेहरा उतरतो. त्याऐवजी महिन्यातला एक दिवस ठरवावा. त्या दिवशी त्याच खोलीत, त्याच उजेडात फोटो काढावेत आणि फोन बाजूला ठेवावा. डॉक्टरांनाही असे फोटो जास्त उपयोगी पडतात. बाकीच्या दिवशी अंग पुसायचं, ते फक्त अंग पुसण्यासाठी.

स्वतःचं उत्तर

एसटीत शेजारी बसलेली बाई विचारते, ‘काय झालंय हो बाळाला? भाजलंय का?’ लिफ्टमधला काका विचारतो. वाढदिवसाला आलेली मैत्रिणीची आई विचारते. बहुतेकांचा हेतू वाईट नसतो. काही जण लगेच एखाद्या वैदूचा पत्ताही देतात. मुलाचं लक्ष मात्र विचारणाऱ्याकडे नसतं. आई आता काय करते याकडे असतं. ती बाही खाली ओढते, की सरळ उत्तर देते?

चेहऱ्यावर व्रण किंवा वेगळेपण असलेल्या लोकांसाठी इंग्लंडमध्ये जेम्स पार्ट्रिज यांनी १९९२ साली ‘चेंजिंग फेसेस’ ही संस्था सुरू केली. ते स्वतः तरुणपणी गाडीला लागलेल्या आगीत गंभीर भाजले होते. या संस्थेने लोकप्रिय केलेली एक युक्ती मुलांना चांगली जमते. तिचे तीन भाग आहेत. काय आहे ते सांगायचं, समोरच्याला निर्धास्त करायचं, आणि विषय बदलायचा. आपल्या अंगणात ती अशी वापरता येईल: ‘याला कोड म्हणतात, इथे माझ्या कातडीचा रंग बनत नाही. दुखत नाही आणि तुला होणार नाही. चल, राज्य कोणावर आहे?’

यातला तिसरा भाग सगळ्यात कामाचा. उत्तर देऊन मूल तिथेच थांबलं तर पुढचा प्रश्न येतो आणि मग त्याची साक्ष सुरू होते. विषय बदलला की बोलण्याची दोरी त्याच्या हातात राहते. हे उत्तर घरी खेळासारखं घोटून घ्यावं. बाबांनी भोचक शेजारी व्हावं, ताईने वर्गातला आगाऊ मुलगा व्हावं. मुलाला त्याच्या शब्दांत बोलू द्यावं. आपलं पुस्तकी वाक्य त्याच्या तोंडी कोंबू नये. काही मुलांना विनोद सुचतो, तो चालेल. आणि एक वाक्य प्रत्येकाकडे हवंच: ‘मला आत्ता नाही सांगायचं.’ सभ्यपणे उत्तर देण्याचा हक्क आहे तसाच उत्तर न देण्याचाही आहे. मोठ्यांनी विचारलं की सांगायलाच हवं, अशी आपल्याकडची शिकवण इथे सैल करावी लागते.

मूल रडत घरी आलं तर ‘असं काही नाही, तू किती सुंदर आहेस’ म्हणून पटकन झाकण घालू नये. त्याला आज कोणीतरी चिडवलं, हे खरं आहे. आधी तेवढं ऐकून घ्यावं: ‘असं म्हणाले का? वाईट वाटलं असणार.’ पुढे काय करायचं हे नंतर. कौतुक जरूर करावं, पण ते त्याच्या पोहण्याचं, चित्राचं, भावाला शिकवलेल्या पाढ्यांचं. कातडीची भरपाई म्हणून केलेली स्तुती मुलं ओळखतात.

शाळेत

शाळेत सगळ्यात जास्त दुखावणारी गोष्ट बहुधा शिवी नसते. हात न धरणं असतं. कवायतीत गोल करायचा असतो, फुगडीची जोडी जमवायची असते, आणि शेजारची मुलगी बाही बोटांवर ओढून मगच हात पुढे करते. कोणी काही बोललेलं नसतं, त्यामुळे तक्रार तरी काय करणार? इथे शिक्षकांचं काम सुरू होतं. त्यांनी भाषण द्यायला नको. गोलात जाऊन स्वतः त्या मुलीचा हात धरला तरी वर्गाला उत्तर मिळतं.

नवं वर्ष सुरू होताना पालकांनी वर्गशिक्षकांना भेटून तीन गोष्टी सांगाव्यात: हे काय आहे, हे कोणाला लागत नाही, आणि आमच्या मुलाला वर्गासमोर याबद्दल बोललेलं चालेल की नाही. तिसरी गोष्ट आधी मुलालाच विचारून घ्यावी. काही मुलांना बाईंनी सगळ्यांना एकदा सांगून टाकलेलं हवं असतं, काहींना फक्त जवळच्या मैत्रिणींना कळलेलं पुरतं. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर मुलाला जास्त आधार लागतो हेही शिक्षकांना सांगावं. सुट्टीत बाकीची कातडी उन्हाने रापते, डाग रापत नाहीत, त्यामुळे जूनमध्ये ते अचानक वाढल्यासारखे दिसतात.

मायेपोटी होणाऱ्या चुका ओळखणं जास्त कठीण असतं. गॅदरिंगच्या नाचात ‘बिचारीला कोणी बोलू नये’ म्हणून तिला मागच्या रांगेत घेतात, पूर्ण बाह्यांचा वेगळा पोशाख देतात, खेळाच्या तासाला सूट देतात. प्रत्येक सवलत तिला सांगते, की तू दिसायला नकोस. वागणूक क्रूर असेल तर गोष्ट वेगळी. शिक्षण हक्क कायदा, २००९, याच्या १७व्या कलमाने शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करायला आणि त्याचा मानसिक छळ करायलाही मनाई आहे. शिक्षकाने वर्गात डागांवरून टोपणनाव ठेवलं तर मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार करण्यात काहीही वावगं नाही.

उपचारांचं ओझं

कोडावर आज उपचार आहेत आणि ते करावेत. स्टिरॉइडची किंवा टॅक्रोलिमसची मलमं असतात. डाग जास्त असतील तर नॅरोबँड यूव्हीबी, म्हणजे ३११ नॅनोमीटरच्या आसपासच्या ठरावीक अतिनील किरणांचा उपचार असतो. डाग बराच काळ स्थिर असतील तर त्वचेचे बारीक तुकडे किंवा रंगपेशी दुसऱ्या जागेवरून आणून बसवता येतात. जुलै २०२२मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने १२ वर्षांवरच्यांसाठी रुक्सोलिटिनिब हे मलम मंजूर केलं; रंगपेशींवरचा हल्ला ज्या संदेशांमुळे चालतो ते संदेशच ते अडवतं. मुलांमध्ये एका बाजूपुरतं पट्ट्यासारखं राहणारं कोड मोठ्यांपेक्षा जास्त दिसतं. ते सुरुवातीला भराभर पसरतं आणि बहुधा एक-दोन वर्षांत थांबतं.

पण उपचारांची गती मुलाच्या धीरापेक्षा फार संथ असते. किरणोपचाराला आठवड्यातून दोन-तीनदा जावं लागतं, आणि गुण येतो का हे कळायलाच तीन ते सहा महिने जातात. चेहरा चांगली साथ देतो. बोटांची टोकं, पावलं आणि ओठ हट्टी असतात. जिथले केसही पांढरे झालेत तिथे रंग परतणं अवघड, कारण नव्या रंगपेशींचा साठा केसांच्या मुळाशी असतो. गुण येतो तेव्हा डागाच्या मधोमध, प्रत्येक केसाभोवती मोहरीएवढे तपकिरी ठिपके उमटतात. हे आधी सांगितलं नाही तर मुलाला वाटतं, आता आणखी एक नवं काहीतरी आलं.

म्हणून तारीख देऊ नये. ‘दिवाळीपर्यंत सगळं जाईल’ म्हटलं आणि दिवाळीला डाग तिथेच असला, तर मूल त्याचा दोष स्वतःला देतं: मी मलम नीट लावलं नाही. त्याला सांगावं, ‘काही डाग भरतील, काही राहतील. कोणते, हे डॉक्टरांनाही आधी सांगता येत नाही. आपलं काम मलम लावणं. रंग येणं आपल्या हातात नाही.’ मलम दात घासण्यासारखं लावलं जावं, कोणी रडारड न करता, कोणी नवस न बोलता. किरणांच्या उभ्या पेटीत शिरताना कपडे काढावे लागतात, गॉगल घालावा लागतो. आठ-दहा वर्षांच्या मुलाला तिथे संकोच वाटतो, तेव्हा पडदा लावून द्या, घाई करू नका, इतरांसमोर त्याच्या डागांची चर्चा करू नका, असं तंत्रज्ञांना सांगण्याचा पालकांना अधिकार आहे.

आणि सावध राहावं ते हमी देणाऱ्यांपासून. औषधे आणि चमत्कारिक उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४, याच्या यादीत पांढऱ्या डागांचाही समावेश आहे. ते बरे करण्याची जाहिरात करणं हाच गुन्हा आहे. तरी लोकलच्या डब्यात, वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात, आता मोबाइलवर त्या जाहिराती दिसतात. बावचीच्या बियांतल्या सोरॅलेनमुळे कातडी उन्हाला जास्त संवेदनशील होते, हे खरं आहे आणि वैद्यकाने ते वापरलंही आहे. पण अंदाजाने लेप लावून मुलाला उन्हात बसवलं तर फोड येतात, भाजतं. भाजलेली ती दुपार मुलाला डागापेक्षा जास्त काळ आठवते.

चौदाव्या वर्षी निर्णय कोणाचा

किशोरवयात प्रश्न मुलाच्या ताब्यात जातो, आणि जायला हवा. डाग झाकणारी प्रसाधनं असतात. ती लावायची की नाही हे मुलीने ठरवावं. लावते म्हणजे तिने हार मानली असं नाही, लावत नाही म्हणजे तिने झेंडा हाती घेतला असंही नाही. कॉलेजच्या पहिल्या दिवशी लावेल, मैत्रिणींबरोबर ट्रेकला जाताना लावणार नाही. उदाहरणं दाखवावीत, पण डोक्यावर मारू नयेत. कॅनडाची विनी हार्लो लहानपणीच कोड आलेली, शाळेत चिडवली गेलेली मुलगी. पुढे ती जगप्रसिद्ध मॉडेल झाली. २०२० साली बार्बीच्या बाहुल्यांमध्ये कोड असलेली बाहुली आली. पंचवीस जून हा मायकल जॅक्सनचा मृत्युदिन जागतिक कोड दिन म्हणून पाळतात, कारण त्यालाही कोड होतं. पण कोल्हापूरच्या किंवा लातूरच्या मुलीला विनी हार्लोपेक्षा आपल्याच गावातली, कोड असलेली आणि नोकरी करणारी ताई भेटली तर जास्त उपयोग होतो. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी कोड असलेल्यांसाठी ‘श्वेता असोसिएशन’ हा स्वमदत गट उभा केला तो याच जाणिवेतून. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘नितळ’ हा २००६चा चित्रपट कोड असलेल्या तरुणीभोवती फिरतो. घरच्यांनी तो मुलीला ‘बघ, तुझ्यासाठी’ म्हणून लावून न देता आधी स्वतः पाहावा.

याच वयात कधीतरी मूल म्हणतं, ‘मला आता उपचार नकोत.’ पालक हादरतात. तीन वर्षांचे हेलपाटे, पैसे, आशा. पण दहावीच्या वर्षात आठवड्याला दोनदा दवाखान्यात जायला कंटाळलेल्या, डागांसह मित्रांमध्ये रुळलेल्या मुलाचं हे म्हणणं समंजस असू शकतं. डॉक्टरांशी बोलून सहा महिने थांबता येतं, पुन्हा सुरू करता येतं. मात्र हे वाक्य थकून म्हटलंय की हताश होऊन, हे ओळखावं लागतं. मूल फोटो काढू देत नाही, नातेवाइकांकडे जायचं टाळतं, दर सोमवारी पोटात दुखतं, झोप उडाली, मार्क घसरले, लहान असेल तर पुन्हा अंथरूण ओलं करतं, असं काही आठवडे चाललं तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. ‘मी नसलेलंच बरं’ असं कोणत्याही वयाचं मूल म्हणालं तर वाट बघू नये. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

मुलाच्या मनाचा अंदाज घेण्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांकडे एक साधन आहे. वेल्समधल्या कार्डिफ इथे १९९५ साली तयार झालेली ही दहा प्रश्नांची प्रश्नावली ४ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी आहे. गेल्या आठवड्यात त्वचेमुळे तुला लाजल्यासारखं झालं का? मैत्रीवर परिणाम झाला का? वेगळे कपडे घालावे लागले का? खेळता आलं का? कोणी चिडवलं का? झोप लागली का? उपचारांचा त्रास झाला का? प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, एकूण तीस; गुण जितके जास्त तितका त्रास जास्त. डागांचं क्षेत्रफळ आणि हे गुण यांचा मेळ बसेलच असं नाही. अंगभर डाग असलेल्या मुलाचे दोन गुण येतात आणि पापणीवर एकच ठिपका असलेल्या मुलीचे अठरा. उपचार कोणाला आधी, किती आणि कशावर द्यायचे हे अठरा गुणांवरूनही ठरायला हवं. त्यामुळे पुढच्या तपासणीला जाताना महिन्याच्या फोटोंबरोबर या प्रश्नांची उत्तरंही घेऊन जावीत, आणि ती मुलानेच डॉक्टरांना द्यावीत.